पोर्तुगालला जाणाऱ्यांनो, दोन दिवस आलेंतेजूला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पोर्तुगालवर अख्खं पान दिलंत, ते मी सकाळच्या चहाबरोबर वाचलं आणि दुपारी जेवणं झाल्यावर परत एकदा वाचलं, कारण आमचा मोठा मुलगा लिस्बनला नोकरीला आहे आणि त्या देशाचं नाव दिसलं की डोळा तिथंच थांबतो. लेख मनापासून लिहिलेला होता, फोटोही छान. पण ठिकाणं परत तीच. बेलेंचा मनोरा, पिवळी ट्राम, सिंत्राचे राजवाडे, पोर्तोचा पूल आणि आल्गार्वचे बीच. आता मला सांगा, गोव्यातून एवढा खर्च करून जाणाऱ्या माणसाला बीचवर कशाला पाठवायचं? हल्ली आपल्याकडं प्रत्येक वाड्यावरचं कुणी ना कुणी तिकडं आहे, कुणाचा भाऊ, कुणाची भाची, कुणाची लेक, आणि त्यांच्याकडं जाणारे आईबाप महिना दीड महिना राहतात पण लिस्बनच्या बाहेर फारसे पडत नाहीत, पडले तर फातिमाच्या तीर्थाला जाऊन येतात. त्यांच्यासाठी हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

2018 साली आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो ते एका टूर कंपनीबरोबर, नऊ दिवसांत स्पेन आणि पोर्तुगाल. लिस्बनला दीड दिवस मिळाला आणि त्यातले दोन तास सिंत्राला राजवाड्याच्या बाहेर रांगेत गेले, ह्यांचे गुडघे दुखत होते आणि गाइड दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं काय काय बघितलंत, तर मला खरंच ती रांगच आठवत होती. पैसे भरताना आम्ही कुठल्या ठिकाणी किती वेळ मिळणार हे विचारलंच नव्हतं, ते विचारावं हे मी आता सगळ्यांना सांगते.

दुसऱ्यांदा गेलो 2024च्या एप्रिलमध्ये, मुलाकडं, पाच आठवडे. 25 एप्रिलला तिकडं मोठी सुट्टी असते, त्या वर्षी ती गुरुवारी आली, मुलानं शुक्रवार जोडून घेतला आणि म्हणाला, आई, ह्यावेळी तुला गर्दीत नेत नाही. आणि आम्ही निघालो ते थेट स्पेनच्या सरहद्दीजवळ, कास्तेलो द व्हिदे नावाच्या गावी.

ह्या गावाचं नाव मी तोवर ऐकलेलं नव्हतं. आलेंतेजू म्हणजे तेजु नदीच्या पलीकडचा प्रदेश, देशाच्या दक्षिणेचा मोठा भाग त्यानं व्यापलाय, पण माणसं कमी आणि मोकळं रान जास्त. त्याच्या उत्तरेच्या टोकाला डोंगरावर हे पांढऱ्या घरांचं गाव, वर किल्ला, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी दगडी चढणीच्या अरुंद गल्ल्या, प्रत्येक दाराशी कुंड्या. ह्या गल्ल्या म्हणजे जुनी ज्यू वस्ती. 1492 साली स्पेननं ज्यूंना हाकललं तेव्हा सरहद्द ओलांडून पुष्कळ लोक इकडं आले, आणि चारपाच वर्षांतच पोर्तुगालच्या राजानंही त्यांना बळजबरीनं ख्रिस्ती केलं. त्यांचं जुनं प्रार्थनाघर आता म्युझियम म्हणून जपलंय, अगदी लहानसं, आपल्या जुन्या घरातल्या देवघराएवढं वाटलं मला.

आणि ह्याच गावात गार्सिया द ओर्ता जन्मला. पणजीला चर्चजवळची ती बाग आहे ना, जिथं आपण चप्पल हातात घेऊन बाकावर टेकतो, ती त्याच्या नावाची. अशाच ज्यू घरातला हा डॉक्टर 1534 साली गोव्यात आला तो शेवटपर्यंत इथंच राहिला, आपल्याकडच्या झाडाफळांवर आणि औषधांवर त्यानं पुस्तक लिहिलं आणि ते 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. आंबा, फणस, नारळ, सुपारी, हिंग, सगळं त्यात आहे. तो गेल्यावर वर्षभरातच त्याच्या बहिणीला इंक्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, जिवंत जाळलं आणि 1580 साली त्याचीही हाडं उकरून काढून जाळली, तीसुद्धा इथंच, गोव्यात. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, हे सगळं मला पाठ होतं, पण त्या गल्लीत उभं राहून, कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या बाईला दारात वाटाणे सोलताना बघत असताना मला पहिल्यांदा वाटलं की अरे, हा माणूस इथल्याच कुठल्यातरी उंबऱ्यातून बाहेर पडला असणार. पुस्तकात वाचून असं वाटत नाही.

अजून एक. 25 एप्रिलची सुट्टी कशाची, तर 1974 साली त्या दिवशी तिथल्या लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठाव करून हुकूमशाही उलथवली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं खोवली. सांतारेंहून रणगाडे घेऊन लिस्बनवर चालून गेलेला कॅप्टन, साल्गेरो माया, तो ह्याच गावचा. तिथल्याच दफनभूमीत साध्या कबरीत आहे. आम्ही गेलो ते बरोबर पन्नासावं वर्ष, कबरीवर ताजी लाल फुलं होती. माझे सासरे सालाझार ह्या तिथल्या हुकूमशहाच्या पोलिसांच्या भीतीनं दोन वर्षं सावंतवाडीला राहिले होते. गोवा 1961ला मुक्त झाला तरी पोर्तुगालनं ते मान्य केलं 1974च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, ह्या उठावानंतरच. ह्यांनी तिथं चप्पल काढून हात जोडले आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

राहायला आम्ही एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज येत नाही. पहिल्या सकाळी मी खिडकीकडं हात करून म्हटलं, जनेल उघडू? तर त्या दचकल्याच, जनेला? मग सुरू झालं आमचं. मी म्हणायची चावी, त्या म्हणायच्या शाव्ह. मी बटाटा, त्या बाताता. कोबी, तर कोव्ह. अंगणातलं घमेलं दाखवलं तर गामेला. पाव तर पांवच. अननस तर नुसतं म्हटलं तरी कळलं. त्या पदराला, म्हणजे ॲप्रनला हात पुसून माझा हात धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि एकेका वस्तूवर बोट ठेवायला लागल्या, दहाबारा शब्द जुळले असतील, आणि प्रत्येक वेळी त्यांना माझ्याइतकंच नवल वाटत होतं. लिस्बनच्या हॉटेलात हे होणं शक्यच नव्हतं.

जेवणाचं सांगते कारण आपल्या लोकांना तीच काळजी असते. आलेंतेजूत आसोर्दा म्हणून प्रकार करतात, लसूण आणि कोथिंबीर मिठाबरोबर खलबत्त्यात कुटायची, त्यावर ऑलिव्ह तेल, मग उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर एक अंडं. कुटलेल्या लसूण-कोथिंबिरीचा वास आला आणि मला एकदम आईची चटणी आठवली. कोथिंबीर युरोपात कुठं अशी मूठमूठ घालत नाहीत, इथं घालतात. तिसऱ्यासुद्धा कोथिंबीर-लसणीत करतात, त्या मात्र समुद्राकडच्या भागात चांगल्या मिळतात. सोमवारी आमच्याकडं नुस्तं, म्हणजे मासे, चालत नाही, तर पालेभाजीचं आणि बटाट्याचं काल्दो व्हेर्द सूप मागवायचं, पण आधीच सांगायचं की चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, नको, सें शोरिसो, नाहीतर वर एक चकती टाकूनच आणतात. दुपारी साडेबारा-एकनंतर दुकानं बंद होतात ती तीनपर्यंत, आपल्यासारखंच, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं नाही.

तिथून दहाबारा किलोमीटरवर मार्व्हांव, डोंगराच्या अगदी सुळक्यावर तटबंदीच्या आत बसलेलं गाव, साडेआठशे मीटरच्या वर, तिथून स्पेन दिसतं. ह्यांच्या गुडघ्यांमुळं आम्ही तटावर सगळीकडं फिरलो नाही. एल्वासची चांदणीच्या आकाराची तटबंदी आणि जलसेतू परतताना गाडीतूनच बघितला, तो भाग 2012पासून जागतिक वारसा यादीत आहे, किल्ल्यांची आवड असलेल्यांनी तिथं एक पूर्ण दिवस ठेवावा.

रस्त्यात दोन्ही बाजूंना बुचाच्या ओकची झाडं. खालचा बुंधा सोललेला, तांबूस चॉकलेटी, आणि त्यावर पांढऱ्या रंगानं एक आकडा. कुठं 2, कुठं 7. मला आधी सर्व्हेचे नंबर वाटले. मुलानं सांगितलं की ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा तो शेवटचा आकडा, म्हणजे 2 म्हणजे 2022, आणि परत साल काढायची ती नऊ वर्षांनीच, त्याआधी हात लावायचा नाही. लावल्यावर पहिल्यांदा सोलायला झाड पंचवीसएक वर्षांचं व्हावं लागतं. जगातलं जवळजवळ निम्मं बूच ह्या एका देशातून येतं आणि हे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. मी गाडी थांबवायला लावून एका बुंध्याला हात लावला, उन्हानं गरम झालेला होता. आपल्याकडं परवा रस्ता रुंद करायला आमच्या वाटेवरचे जुने आंबे दोन दिवसांत गेले, ते डोळ्यांसमोर आलं.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

माझं माहेर कुर्डी. साळावली धरणात गेलेलं कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. मी कॉलेजला असताना आमचं घर उठलं आणि आम्ही वाळकिणीला आलो, काही लोक वाड्याला गेले, ही दोन्ही पुनर्वसनाची गावं. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरतं आणि गाव वर येतं, घरांची जोती, विहिरी, मेलेल्या माडांचे खुंट, सोमेश्वराचं देऊळ, आणि आम्ही सगळे तिथं जमतो. 2024च्या मेमध्ये मी लिस्बनला होते, माझा मे चुकणार होता, त्याची मनात रुखरुख होती. मुलाला हे ठाऊक होतं. एका शनिवारी सकाळी म्हणाला, चल, तुला एक गाव दाखवतो.

लिस्बनहून एव्होरा 130 किलोमीटर, तिथून पुढं ग्वादियाना नदीकडं. ह्या नदीवर आल्केव्हाचं धरण आहे, 2002च्या फेब्रुवारीत त्याची दारं बंद केली आणि अडीचशे चौरस किलोमीटरचा तलाव झाला, पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा मानवनिर्मित तलाव म्हणतात त्याला. त्यात एक गाव गेलं. लूझ. जेमतेम तीनचारशे वस्तीचं. दोनतीन किलोमीटरवर त्यांना नवीन गाव बांधून दिलं, घराला घर, जमिनीला जमीन, आणि शेजारीसुद्धा शक्यतो तेच ठेवले. लूझच्या सायबिणीची इगर्ज, म्हणजे चर्च, होती तशी परत बांधली, आणि दफनभूमीसुद्धा हलवली, माणसांबरोबर त्यांचे पूर्वजही नवीन गावी गेले. इगर्जीजवळ काळ्या पाटीच्या दगडाचं लहानसं म्युझियम आहे, 2003पासून. आत काय आहे, तर घरातल्या वस्तू. कोयते, चाळण्या, लग्नाचे फोटो, भाकरी, म्हणजे त्यांचा पाव, मळायची लाकडी काथवट. जुन्या गावाचे फोटो.

मी तिथं एका काथवटीसमोर उभी होते आणि मला रडू आवरेना. आमची तशीच होती, फणसाच्या लाकडाची, स्थलांतराच्या गडबडीत कुठं गेली ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. तिथल्या बाई जवळ आल्या, मुलानं त्यांना सांगितलं की माझ्या आईचंही गाव असंच धरणात गेलंय, भारतात, गोव्यात. त्यांनी मला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, तुमचं गाव कधी दिसतं का? मी म्हटलं, दर मेमध्ये वर येतं. त्यांना वाटलं मुलगा भाषांतर चुकला. मी फोन काढून आदल्या वर्षीचे फोटो दाखवले, त्यांनी फोन हातात घेतला आणि बोटांनी फोटो मोठा करून करून बघत राहिल्या. एका फोटोत आमच्या अंगणातल्या तुळशी वृंदावनाचा चौथरा आहे, चिखलातून वर आलेला, त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं हे काय. मुलगा शब्द शोधायला लागला, मी म्हटलं सांग की रोज संध्याकाळी इथं आई दिवा लावायची. त्या म्हणाल्या, आमचं गाव पाणी यायच्या आधीच पाडलं, त्यामुळं दुष्काळ पडला तरी वर यायला काही नाही. आणि परत फोटो बघायला लागल्या.

त्या तलावाच्या काठाकाठानं दोन दिवस आरामात जातात. पलीकडच्या टेकडीवर मोंसाराझ, पांढऱ्या चुन्याची घरं आणि पाटीच्या दगडाच्या वाटा, रात्री तिथं दिवे इतके कमी की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, अगदी लहानपणी कुर्डीला दिसायची तशी. जवळच सांव पेद्रो दो कोर्व्हाल हे कुंभारांचं गाव, वीसेक कारखाने, मी तिथून दोन वाडगे आणले ते रोज वापरात आहेत. आणि टेकडीच्या पायथ्याशी शेरेझचे उभे दगड, हजारो वर्षांपूर्वीचे, मधला एकच चार मीटर उंच. हे दगड मुळात तिथले नव्हेत, धरणात बुडणार होते म्हणून उचलून आणून परत रचले. आमच्या कुर्डीचं महादेवाचं दुसरं देऊळही असंच एकेक दगड सोडवून धरणाजवळ परत उभं केलंय, साळावलीला पिकनिकला जाणारे किती लोक ते बघायला वळतात? वळत जा, कृपा करून.

ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांच्यासाठी तोमार. लिस्बनच्या सांता आपोलोनिया स्टेशनवरून ट्रेननं साधारण दोन तास, आणि 65च्या वरच्यांना तिथल्या रेल्वेत अर्धं तिकीट पडतं, पासपोर्ट जवळ ठेवायचा, ह्यांना मिळालं. नदीकाठचं शांत गाव आणि वर टेंप्लर ह्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाचा 1160 साली सुरू झालेला किल्ला-मठ, त्याच्या एका खिडकीभोवती दगडात दोरखंड, पोवळी आणि समुद्रातलं शेवाळ कोरलंय, ती खिडकी बघायला म्हणून जावं. इथं दर चार वर्षांनी जुलैत उत्सव असतो, मुली आपल्या उंचीएवढा पावांचा आणि कागदी फुलांचा डोलारा डोक्यावर घेऊन गावभर मिरवतात. मागचा 2023ला झाला, म्हणजे आता 2027. ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांनी आत्तापासून सांगून ठेवा, खोल्या मिळत नाहीत.

आलेंतेजूला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये चुकूनही जाऊ नका, पारा चाळीसच्या वर जातो आणि सावली नाही. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरं. मोंसाराझ आणि लूझकडं बस भरवशाची नाही, गाडी लागतेच, एव्होरापर्यंत ट्रेननं जाऊन तिथून भाड्यानं घ्यायची. आणि दोन रात्री तरी राहायचं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत हे ह्या गावांत चालत नाही, संध्याकाळी टूरच्या बस गेल्यावरच तिथली माणसं दारात येऊन बसतात.

तर विनंती अशी की पुरवणीत पुढच्या वेळी लिस्बनऐवजी ह्यांतल्या एखाद्या गावाला जागा द्यावी, आणि गोव्यातले जे लोक मुलांकडं जाऊन आलेत त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं. दुसरी विनंती वाळकिणी आणि वाड्याच्या माझ्या माणसांना. लूझसारखी एक खोली आपणही करूया. घराघरांत पेट्यांत कुर्डीचे फोटो आहेत, तांब्याची भांडी आहेत, भातशेतीची अवजारं आहेत, आणि ती ओळखणारी पिढी आता ऐंशीच्या पुढं गेलीय. माझ्याकडं आईची समई आणि उंबऱ्याच्या लाकडाचा एक तुकडा आहे, ते मी द्यायला तयार आहे.

लूझच्या म्युझियमचे फोटो मी प्रिंट काढून ठेवलेत. येत्या मेमध्ये पाणी ओसरलं की कुर्डीला घेऊन जाणार, मावशीला काथवट दाखवायचीय.

कळावे,
आपली एक वाचक, सांगे